पायपुसण्यावरून उतरा

वाऱ्याशी उघड वैर धरलेला माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. इतरांची भांडणं बांधावरून होतात, नळाच्या पाण्यावरून होतात, लग्नातल्या मानपानावरून तर हटकून होतात. आमच्या मंगरूळपीरच्या मावसाजींचं भांडण थेट हवेशी. ती न विचारता दाराखालून आत येते, एवढाच तिचा गुन्हा. सगळी नोकरी त्यांनी एका सरकारी कचेरीत काढली. तिथल्या खिडकीला काच नव्हती नि दाराला कडी नव्हती, त्यामुळे उडणारे कागद दाबून धरणं हेच तिथलं मुख्य कामकाज होतं, असं मावशी म्हणते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचं घर बांधलं, तेव्हा ठेकेदारानं समजावलं की उंबरठा आता कोणी ठेवत नाही, टाइल्स कशा आतून बाहेरपर्यंत सलग दिसल्या पाहिजेत. टाइल्स सलग दिसू लागल्या आणि दाराखाली बोटभर फट राहिली. त्या फटीतून थंडीत गार वारा, उन्हाळ्यात धूळ आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत बारीक भुसा घरात येऊ लागला. शिवाय गुळगुळीत टाइल्सवर पायपुसणं जागेवर राहीना. पाय ठेवला की ते पाहुण्याला घेऊन निघायचं.

या दोन्ही शत्रूंचा मावसाजींनी एकाच हत्यारानं बंदोबस्त केला. समोर राहणाऱ्या टेलर चाचांकडून त्यांनी मावशीच्या जुन्या चादरीच्या दोन लांब पिशव्या शिवून घेतल्या, त्यात रेती आणि सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, ठासून भरलं आणि मधे कापडाची पट्टी घालून दोन्ही जोडल्या. पट्टी दाराखालून गेली, एक लोड दाराच्या आत आला, एक बाहेर. बाहेरच्या लोडाला पायपुसण्याची कड पक्की शिवली. वारा बंद, धूळ बंद, पायपुसणंही जागच्या जागी. मावसाजींनी या वस्तूला एक भारदस्त नाव दिलं होतं, पण मावशीनं पहिल्याच दिवशी तिला अजगर म्हटलं आणि ते भारदस्त नाव आज खुद्द मावसाजींनाही आठवत नाही.

अजगरात एकच खोट होती. दार आत उघडणारं. ते उघडलं की दोन्ही लोड त्याच्याबरोबर आत सरकायचे आणि त्यांच्यामागून पायपुसणं. पाहुणा जर बेल वाजवून पायपुसण्यावरच उभा असेल, आणि शहाणा पाहुणा तिथेच उभा असतो, तर दार चार बोटं उघडून अडायचं. पाहुणा हलका असला तर तो पायपुसण्यासकट आत यायचा. मी हे हसत हसत मावसाजींच्या ध्यानात आणून दिलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “हे खोट नोहे बाप्पा, हे शिस्त आहे. दुसऱ्याच्या दारात मानसानं जरा बाजूले उभं राहावं.” त्या दिवसापासून बेल वाजली की आतून “कोण आहे” असं कोणी विचारत नाही. आतून आवाज येतो, “पायपुसण्यावरून उतरा.” गावाला याची इतकी सवय झाली की दूधवाला, गॅसवाला, वर्गणीवाले, सगळे बेल दाबून मुकाट्यानं डाव्या बाजूला जाऊन उभे राहायचे. एका निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून, गळ्यात हार घालून थेट पायपुसण्यावर येऊन उभे राहिले आणि कितीही सांगितलं तरी हलेनात. कार्यकर्त्यांना वाटलं, आत विरोधकांची बैठक चालू आहे. मावसाजींनी फटीतूनच त्यांना मताचं आश्वासन देऊन वाटेला लावलं आणि मला म्हणाले की, एकदा उभा राहिलेला माणूस सहजासहजी खाली उतरत नाही, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

पुढे हा ध्यास घरात मावेना. कोणाकडेही गेले की ते आधी दाराखाली उदबत्ती धरून बघायचे, धूर कोणीकडे वाकतो ते. सांत्वनाला गेलेल्या एका घरी तर, जिथे माणूस जाऊन जेमतेम आठवडा झाला होता, त्यांनी फोटोपुढची उदबत्ती उचलली आणि नमस्काराऐवजी दाराशी उकिडवे बसले. घरातल्या बायकांना वाटलं, हा काहीतरी जुना विधी असेल; त्याही पदर सावरून मागे उभ्या राहिल्या. लग्नात आहेर म्हणून ते अजगरच द्यायचे, रंगीत कागदात गुंडाळून. नवरा-नवरी बरोबर उभे राहून तो स्वीकारायचे आणि फोटोत दोघांच्या हातांवर तो आडवा झोपलेला दिसायचा. वाशिमला माझ्या घरीही एक आहे. मावसाजी येऊन गेले की बायको तो कपाटावर टाकते, आणि ते येणार असा फोन आला की आधी अजगर दाराशी जातो, मग चहाचं आधण चढतं.

अशा या कडेकोट घरातून त्यांच्या वैशालीनं, एकुलत्या एका मुलीनं, शेलूबाजारच्या आपल्या वर्गमित्राशी लग्न केलं. मुलगा सुस्वभावी होता, कामाधंद्याला होता, फक्त आपल्यातला नव्हता. आपल्यातला म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणी समजावून सांगत नाही आणि प्रत्येकाला समजतं. तिनं वडिलांना विचारलं नाही, कारण उत्तर तिला माहीत होतं. मावसाजी कितीतरी दिवस घरात फिरत एकच वाक्य बोलायचे, “माह्या घरात फटीतून हवा येत नाई, मंग हा पोरगा आला कुठून?” आम्हाला हसू यायचं आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं की ते जिरून जायचं. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, त्या दोघांना हे दार बंद आणि त्या पोराशी जन्मात एक शब्द बोलणार नाही. आमची नातेवाईक मंडळी, ज्यांच्या स्वतःच्या घरात याहून मोठ्या फटी होत्या, त्यांनी माना डोलावून या निर्धाराचं कौतुक केलं. मावशीनं काहीच केलं नाही. ती तिसऱ्या माणसाचा चहा टाकायची आणि मग आठवण होऊन स्वतःच पिऊन टाकायची. मला ते बघवत नसे.

दोन वर्षं अशीच गेली. एका थंडीतल्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. मावसाजी बेतानं शेंगा सोलत होते, मावशी आत कणीक मळत होती. बेल वाजली. मावसाजी उठले आणि सवयीनं म्हणाले, “पायपुसण्यावरून उतरा.”

बाहेरून उत्तर आलं, “मी तं कवाचीच उतरली, बाबा.”

मावसाजींचा हात कडीवर तसाच राहिला. मावशी कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी शेंगांकडे बघत बसलो. मग मावसाजींनी कडी काढली, दार ओढलं, आणि ते चार बोटं उघडून अडलं. फटीतून दिसलं ते असं: वैशाली शहाण्यासारखी डाव्या बाजूला उभी, आणि पायपुसण्याच्या बरोबर मधोमध तिचा नवरा, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन, परीक्षेला बसल्यासारखा ताठ. त्याला या घराची रीत कोण सांगणार होतं? आणि तिनं ती मुद्दाम सांगितली नव्हती, असा माझा आजही संशय आहे.

मावसाजींनी पुन्हा ओढलं. पायाखाली काहीतरी सरकतंय असं वाटून जावयानं पाय आणखी घट्ट रोवले. मावसाजी माझ्याकडे वळून म्हणाले की त्या गृहस्थांना जरा बाजूला व्हायला सांग. मी तोंड उघडलं, पण मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की मी एक शेंग तोंडात टाकली. मग त्यांनी तेच काम वैशालीला सांगितलं. “तुमीच सांगा, बाबा,” ती म्हणाली. “तुमच्या दारात उभे आहेत थे.” मावसाजींनी तिसऱ्यांदा दार ओढलं, तसा अजगराच्या शिवणीतून टर्रकन आवाज आला आणि चिमूटभर रेती टाइल्सवर सांडली. समोर टेलर चाचांचं मशीन केव्हाच थांबलं होतं.

मावशी म्हणाली, “फाडा मंग तुमचा अजगर, नाई तं बोला.”

मावसाजींनी खाली सांडलेल्या रेतीकडे बघितलं, मग फटीतून मुलीकडे. एका हातानं त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. कचेरीत साहेबांसमोर काढत असतील तसा खालचा, नेमस्त आवाज काढून ते म्हणाले, “जवाईबापू, जरा पायपुसण्याच्या खालतं उतरता काय?”

जावई इतक्या तत्परतेनं उतरला की दार सपकन उघडलं आणि मावसाजी मागच्या मागे खाली बसले. त्या घरात पहिलं पाऊल टाकून जावयानं पहिलं काम केलं ते सासऱ्याला उचलण्याचं. मावशी रडत होती, वैशाली रडत होती, आणि मावसाजी पाठ चोळत जावयाला विचारत होते की शेलूबाजारच्या घराच्या दाराखाली किती फट आहे. त्यानं बोट दाखवलं, भरपूर आहे म्हणाला आणि एक अजगर मागून घेतला. खरोखरची गरज होती की चांगुलपणा, कोण जाणे. टेलर चाचांनी तो दुसऱ्याच दिवशी शिवून दिला, जुनी शिवणही सांधून दिली.

मागच्या महिन्यात मी मंगरूळपीरला गेलो होतो. मावसाजी आता थकले आहेत, गुडघे साथ देत नाहीत, खुर्चीतून उठायला वेळ लागतो. टीव्हीवर धुळीचा थर दिसला, कॅलेंडर वाऱ्यानं फडफडत होतं. त्या घरात मी असं कधी पाहिलं नव्हतं. अजगर होता, पण तो आता उघड्या दाराला टेकून ठेवला होता, दार वाऱ्यानं मिटू नये म्हणून. पायपुसणं अजून त्याला शिवलेलंच होतं आणि त्याच्याबरोबर घरात येऊन वाकडंतिकडं पडलं होतं. मी विचारलं, एवढी हवा कशी काय चालते आता? मावसाजी रस्त्याकडे बघत म्हणाले, “आज रविवार आहे ना. मले उठाले टाइम लागते, आन् पोरीले दारात उभं राहा लागते.”

खरं म्हणजे त्या दिवशी आलो तेव्हा मी आधी बेल दाबली होती आणि कितीतरी वर्षांच्या सवयीनं डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो होतो, कोणीतरी आतून ओरडेल म्हणून वाट बघत. दार उघडंच होतं.