चौफुलीवरची हिरवी झेंडी

"दिसलो का?"

कोणी "नमस्कार" म्हणते, कोणी "जय भीम", कोणी नुसतीच मान हलवते. फाटकबाबा मात्र समोरून येणाऱ्या प्रत्येकाला एवढेच विचारायचे. त्यावर "दिसलात हो बाबा" म्हणावे लागे. घाईत न बोलता पुढे गेलात, तर हातातली हिरवी झेंडी तुमच्या तोंडासमोर हलवून ते पुन्हा विचारत. मला तर त्यांनी सोडलेच नाही. मी आमच्या कॉलनीच्या समितीची सेक्रेटरी, त्यामुळे माझ्यासाठी खास हाक असायची, "सेक्रेटरीबाई, दिसलो का?"

मखमलाबाद रस्त्याला लागून आमची कॉलनी आहे. तिच्या तोंडाशी चौफुली आणि चौफुलीला लागूनच शाळा. बाबा सकाळी शाळा भरताना आणि दुपारी सुटताना तिथे उभे असत. अंगात निळा शर्ट, डोक्याला टोपी, काखेत दोन झेंड्या. लाल झेंडी रेल्वेतली जुनी. हिरवी विरून गेली, म्हणून ती सुनेच्या ब्लाउजपीसची शिवून घेतलेली. तिला बारीक सोनेरी काठ होता. "रेल्वेत कुणाकडं नसंल अशी," असे ते अभिमानाने सांगायचे.

मनमाडच्या बाजूला एका रेल्वे फाटकावर त्यांनी सगळी नोकरी काढली होती. बायको गेल्यावर ते नाशिकला मुलाकडे आले. फाटक म्हणजे उघडायचे आणि लावायचे, त्यात काय एवढे, असे मी एकदा बोलून गेले. त्यांनी मला तिथेच थांबवून घेतले.

"गाडी येताना ड्रायव्हर शिट्टी देतो. ती कशाला देतो? 'तू दिसला' म्हणून. मग आपण हिरवी धरायची. 'तू पण दिसला' म्हणून. मग सगळी गाडी जाईस्तोवर बघत राहायचं, चाकातून धूर निघतोय का, काय लोंबकळतंय का. अन् शेवटच्या डब्यातल्या गार्डाला दिसायचं. त्यानं हात केला की मगच काम संपलं."

तेव्हा मला बसची घाई होती. मी "हो का, हो का" करत पळाले.

चौफुलीवर कॅमेरा लावायची कल्पना माझीच. मातोरीकडून झेंडूची पाटी घेऊन येणाऱ्या एका मावशींना भरधाव मोटारसायकलने उडवले आणि गाडीवाला पसार झाला. मावशींचा पाय मोडला. रस्ताभर झेंडू पसरला होता. महापालिकेचे कॅमेरे मोठ्या रस्त्यांवर, आमच्या आडवाटेला कोण विचारतो? म्हणून आम्ही वर्गणी काढून चौफुलीवरच्या डेअरीच्या गच्चीवर स्वतःचा कॅमेरा बसवला. नारळ मीच फोडला.

बाबा नारळाचे खोबरे खात कॅमेऱ्याकडे बघत होते. "चांगला हाय," ते म्हणाले. "लय हुशार हाय. पण त्याला हात नाय."

"हात कशाला हवा? नंबर टिपला की झालं."

"नंबर टिपंस्तोवर मावशी पडंल ना, ताई."

आणि दुसऱ्या दिवसापासून ते झेंड्या घेऊन चौफुलीवर हजर. रिकामपणाचा उद्योग, असे आम्ही सगळेच म्हणालो. पण पंधरा दिवसांत शाळेच्या व्हॅनवाल्यांना सवय लागली. चौफुली आली की वेग कमी करायचा, बाबांसाठी एकदा हलकेच हॉर्न द्यायचा, बाबांनी हिरवी दाखवली की पुढे जायचे. मग दूधवाले हॉर्न देऊ लागले, मग भाजीचे टेम्पो. आठवड्याच्या बाजाराला हरसूलकडे जाणारा एक जीपवाला तर चुकून हॉर्न राहिला म्हणून जीप मागे घेऊन आला होता. बाबा त्याला ओरडले, पण हॉर्नसाठी नाही, रिव्हर्स घेतल्याबद्दल.

आता मला एक कबुली द्यायची आहे. कॅमेऱ्याचे चित्र समितीतल्या आम्हा पाच जणांच्या फोनवर दिसायचे. पहिले आठ दिवस मी अगदी इमानेइतबारे भरधाव गाड्या बघितल्या. नवव्या दिवशी मला कळले की शेजारच्या काकू गुरुवारचा उपास धरतात आणि गुरुवारीच डझनभर अंडी घेऊन घरी येतात. मग काय विचारता! कोणाकडे कोण आले, कोण किती वाजता परतले, कोणाची सून माहेरी निघाली. चहाचा कप हातात आणि फोन समोर. तुम्ही हसाल, पण तुमच्या हातात तो फोन दिला असता तर तुम्हीही बघितले असते. आम्ही पाचही जण बघत होतो आणि पाचही जण घरी जाऊन सांगत होतो.

ते लोकांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. मग काकू अंडी घेऊन कॉलनीमागच्या पाटाच्या कडेने येऊ लागल्या. तिकडे धड रस्ता नाही, गवतात पाय कुठे पडेल सांगता येत नाही. त्यांच्यामागून आणखी चार बायका तिकडूनच जाऊ लागल्या. बाबांनी ते बरोबर हेरले. "सेक्रेटरीबाई, चौफुलीवर गाड्या तेवढ्याच हायेत. माणसंच कमी झालीत. असं कसं?" मी म्हटले, ऊन वाढलेय.

आणि मग तो दिवस आला. मी कचेरीत होते. जेवणाच्या सुट्टीत सवयीने फोन उघडला, तर चौफुलीवर माझी मुलगी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती ती. एका मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसलेली. डोक्यात हेल्मेट होते, पण लिंबू कलरची ओढणी मीच घेऊन दिलेली. आई ओळखणार नाही होय? डब्यातला घास तसाच राहिला. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बसमध्ये बसून मनातल्या मनात सगळे ठरवूनही टाकले. उद्यापासून कॉलेज बंद, परीक्षा बाहेरून, नाहीतर माझ्या बहिणीकडे पाठवणी. तिचे वडील सातपूरला कंपनीत, त्या आठवड्यात दुसरी पाळी. ते घरी यायच्या आत मला सगळे उरकायचे होते.

चौफुलीवर उतरले तेव्हा शाळा सुटून गेली होती आणि बाबा झेंड्या गुंडाळत होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला. "बाबा, तुम्ही रोज इथे असता. कोण आहे हा मुलगा?"

त्यांनी फोनकडे बघितलेच नाही. "चार महिने झाले बघतोय," ते शांतपणे म्हणाले.

"चार महिने! आणि मला सांगितलं नाही?"

"काय सांगू? गाडी हळू असती. दोघांच्या डोक्यात हेल्मेट. लाल दाखवली की थांबतात. हॉर्न देतात, पोरगी हात करती. यात सांगण्यासारखं काय हाय?"

"बाबा, ती माझी मुलगी आहे."

"म्हणूनच म्हणतो." आता त्यांचा आवाज चढला. त्यांना चिडलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. "गाडीचा नंबर धरायला डोळा लावला तुम्ही, अन् पोरीची हजेरी घेताय? मी पण बघतोच की सगळ्यांना. पण ज्याला बघतो त्याला मी दिसतो, ताई. तिला मी दिसतो. तुम्ही दिसता का तिला?"

भर उन्हात मी फोन हातात धरून उभी होते. त्यांनी झेंड्या काखेत घेतल्या आणि जरा मऊ आवाजात म्हणाले, "घरी जा. भांडायचं तर भांडा. पण समोर बसून भांडा."

घरी गेले. मुलगी आल्यावर तिला समोर बसवले आणि जे बघितले ते सांगितले, कसे बघितले तेही सांगितले. मला वाटले रडेल, नाहीतर आदळआपट करेल. तिने फक्त एक प्रश्न विचारला.

"आई, त्या फोनवर अजून कोण कोण बघतं?"

मी चार नावे सांगितली. चारही कॉलनीतले पुरुष. एकेका नावासरशी तिने ओढणी अंगाभोवती ओढून घेतली. ते मी आजही विसरलेले नाही. त्या संध्याकाळी मला माझीच लाज वाटली, आणि ते मी तिला म्हटले.

त्या रविवारी मी समितीची बैठक बोलावली आणि फाटकबाबांना मुद्दाम बसवून घेतले. कॅमेरा काढा असे बाबा एकदाही म्हणाले नाहीत. फोनवरचे बंद करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

"ज्याच्याकडे लपवायचं काही नाही त्याने घाबरावं कशाला?" समितीतले एक गृहस्थ म्हणाले.

"बरोबर हाय साहेब," बाबा म्हणाले. "मग उद्या तुमच्या न्हाणीचं दार काढून ठेवू."

हशा पिकला आणि गृहस्थही हसले. मग बाबांनी सांगितले, "आमच्या फाटकावर एक पेटी असायची सीलबंद. गरज पडली तर सील तोडायचं, कुणाला विचारत बसायचं नाय. पण का तोडलं ते वहीत लिहायचं, अन् खाली सही. असंच करा की."

आणि आम्ही तसेच केले. पाचही फोनवरून कॅमेरा काढला. रेकॉर्डिंगची पेटी डेअरीत कुलूपबंद केली, वर लाखेचे सील लावले. अपघात झाला तरच उघडायची, दोघांच्या समक्ष, आणि वहीत कारण लिहायचे. काकू पुन्हा चौफुलीवरून येऊ लागल्या. अंड्यांवर आता पेपर गुंडाळलेला असतो, पण ते जाऊ दे.

ते सील आजवर एकदाच तुटले. बाबा सुनेच्या आजारपणामुळे आठवडाभर घरी होते आणि नेमके त्याच आठवड्यात एका पिकअपने सायकलवरच्या दूधवाल्याला ठोकरले. पेटी उघडली, नंबर मिळाला, गाडीवाला सापडला. मी मुद्दाम बाबांना सांगायला गेले. मनात थोडे असेही होते की बघा, आला ना कॅमेरा कामाला. बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि मोकळेपणाने म्हणाले, "लय चांगलं झालं. माझ्या डोळ्याला तो नंबर दिसला नसता." मग म्हणाले, "मी असतो तर गाडी हळू झाली असती." ती फुशारकी नव्हती. आपण जागेवर नव्हतो, याचे त्यांना खरोखर वाईट वाटत होते.

तो मोटारसायकलवाला मुलगा पुढे आमच्या घरी आला, दोन बशा पोहे खाऊन गेला. आता पुण्यात नोकरीला आहे. पुढे त्यातून काही झाले नाही. झाले असते तर मला ते मुलीच्या तोंडूनच कळले असते, याची मला खात्री आहे. माझे आणि तिचे आज जे काही बरे चालले आहे, ते त्या दुपारी उन्हात खाल्लेल्या बोलण्यांमुळे. आई-मुलीच्या मधले फाटक मी लावायला निघाले होते आणि बाबांनी वेळेवर लाल दाखवली. त्यांचे आभार मी नीट कधी मानले नाहीत. एकदा मानायला गेले तर म्हणाले, "आभार राहू द्या. दिसलो का, तेवढं सांगा."

गेल्या थंडीत बाबा गेले. चार दिवसांचा ताप, बस्स. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नातेवाइकांपेक्षा व्हॅनवाले आणि टेम्पोवालेच जास्त होते. भगवान बुद्धांच्या मूर्तीजवळ त्यांचा फोटो होता, टोपी घातलेला. मातोरीच्या मावशी लंगडत आल्या आणि फोटोपुढे झेंडूची ओंजळ ठेवून गेल्या. बाबांच्या मुलाने मला विचारले, झेंड्या कुठे ठेवू? मी म्हटले, घरातच राहू दे. त्या हातात धरायची लायकी मला वाटेना.

परवा संध्याकाळी भाजी घेऊन येत होते. चौफुलीवर बाबांच्या जागेपाशी पोहोचले तर एक व्हॅन आली, हळू झाली, तिने हलका हॉर्न दिला आणि गेली. मागून दूधवाला. त्यानेही दिला. तिथे कोणी नव्हते. हे रोज चालते म्हणे, मलाच ठाऊक नव्हते.

मग एक स्कूटर आली. लिंबू कलरची ओढणी. मुलीला आता नोकरी लागली आहे, तिची ती येते-जाते. तिने वेग कमी केला, त्या रिकाम्या जागेसाठी हॉर्न दिला, आणि का कोण जाणे, मी एक पाऊल पुढे होऊन त्या जागेवर उभी राहिले. पिशवीत वर मेथीची जुडी होती. ती काढली आणि हात उंच करून धरली.

"दिसले का?" मी ओरडले.

तिने हेल्मेटची काच वर केली. हसत होती आणि डोळे भरले होते.

"दिसलीस, आई!" ती म्हणाली, आणि हात करून पुढे गेली.