गोड्या पाण्यातला शेवंड

मराठीत त्या प्राण्याला नाव नाही. समुद्रात शेवंड असतो, आणि कारवारकडून येणाऱ्या माणसांच्या बोलण्यात तो कधीकधी येतो. ह्यांनी तेच नाव उसने घेतले आणि पुढे दोन शब्द जोडले, गोड्या पाण्यातला शेवंड. पुढे दोन जाड नांग्या, मागे पंख्यासारखी शेपटी. तळाशी तो सावकाश पुढे चालतो, आणि भ्याला की शेपटी पोटाखाली दुमडून मागच्या मागे उडी घेतो. मी तो कधी पाहिला नाही. ह्यांनीही पाहिला नव्हता. तरी आमच्या संसाराची शेवटची दोन वर्षे तो आमच्या घरात राहत होता, असे मला आता वाटते.

हे बेळगावच्या शाळेत सृष्टिज्ञान शिकवीत. छाती दुखू लागली, खोकला जाईना, तेव्हा डॉक्टरांनी गाव सोडून हवा बदलायला सांगितली. माझ्या माहेरची सुप्याच्या रानातल्या गुंद गावी थोडी भातजमीन होती आणि तिच्या कडेला एक कौलारू घर रिकामे होते. तिथे आम्ही आलो. शेजारी एक कुणबीण राहत असे, माझ्या आईच्या वयाची. तिला मी मावशी म्हणे. पहिल्याच दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, "लोक हितनं ताप घिऊन जात्यात, मास्तर. तुमी आपला खोकला घिऊन आलासा." हे हसले, आणि हसताना खोकले. मावशीने लगेच तोंड फिरवले आणि अंगणातल्या कोंबड्यांना उगीच हाकलले.

सामानात पुस्तकांची एक पेटी होती. त्यातल्या एका जाड इंग्रजी पुस्तकात या प्राण्यावर बरेच काही होते. संध्याकाळी हे वाचत आणि मला मराठीत सांगत. मी मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले होते. इंग्रजी अक्षरे जुळवता येत, अर्थ लागत नसे. अर्थ ह्यांच्या आवाजातून यायचा.

एकदा ह्यांनी चुन्यात काडी बुडवून शेणाने सारवलेल्या भिंतीवर पृथ्वीचा नकाशा काढला. जिथे हा शेवंड सापडतो तिथे एकेक ठिपका दिला. त्याची दोन घराणी आहेत, हे सांगत. एक उत्तरेचे, युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या नद्यांचे. दुसरे दक्षिणेचे. ऑस्ट्रेलिया, तिच्या पायाशी असलेले टास्मानियाचे बेट, त्याहून पलीकडे न्यूझीलंड, मग दक्षिण अमेरिकेचे टोक, आणि आफ्रिकेजवळचे एकटे मादागास्कर. पांढरे ठिपके भिंतभर पसरले. आमचा देश मधोमध कोरा राहिला.

"इथे का नाही?" मी विचारले.

"तेच तर," हे म्हणाले.

नदीच्या प्राण्याला समुद्र ओलांडता येत नाही, मग तो इतक्या दूरदूरच्या बेटांवर गेला कसा? काही विद्वानांचे म्हणणे होते की फार पूर्वी दक्षिणेला एकच मोठी जमीन होती आणि आपला देश तिचाच भाग होता. त्या बुडालेल्या जमिनीला त्यांनी नावही आपल्याकडच्या गोंडांच्या मुलखावरून दिले आहे. हे ऐकल्यापासून घरामागच्या ओढ्याकडे मी पूर्वीसारखे पाहू शकले नाही. पाण्यात पाय सोडून बसले की वाटे, हाच ओढा एके काळी मादागास्करात जाऊन मिळत असेल. मध्ये समुद्र नसेल, नुसते रान, असेच बांबू, अशीच ओली माती, आणि दगडाखाली कुणीतरी बसलेले. डोळे मिटले की पाण्याचा आवाज लांब जाई आणि परत येई. तेवढ्यात मावशीची हाक आली तर मी कुठे आहे हे कळायला क्षणभर लागे.

आपल्याकडे त्याची जागा खेकड्यांनी आणि झिंग्यांनी घेतली, असे पुस्तक म्हणत होते. ह्यांना ते पटत होते आणि पटत नव्हते. "हे सगळे लिहिणारे सुप्याच्या रानात आले होते कुठे?" हे म्हणत. कुठल्यातरी ओढ्याच्या मुळाशी, जिथे कुणी दगड उचलून पाहिला नाही, तिथे एखादा उरला असेल. तो सापडावा आणि भिंतीवरचा तो एक ठिपका आपल्या हाताने द्यावा, एवढीच ह्यांची इच्छा होती. दुसरी कसली इच्छा ह्यांनी त्या घरात बोलून दाखवली नाही. औषधांबद्दलसुद्धा नाही.

ओळखायचे कसे, ते ह्यांनी मला शिकवले होते. शेवंडाला पायांच्या पहिल्या तीन जोड्यांवर नांग्या असतात, त्यातली पहिली जाडजूड. झिंग्याच्या दोनच जोड्यांवर, आणि त्या काटकुळ्या. एवढे जमले की मग उलटा करून पोट पाहायचे. उत्तरेकडच्या नराला शेपटीच्या पहिल्या कड्याखाली लहान पायांची एक जोडी असते. दक्षिणेकडच्यांत ती नराला नाही आणि मादीलाही नाही. रंग फसवतो, आकार फसवतो, हे म्हणत, पोट फसवत नाही.

मावशी ओढ्यात कुर्ल्या धरायला जाई तेव्हा हेही काठी टेकत जात आणि दगडावर बसत. कुर्ली म्हणजे आमचा खेकडा. टोपलीत पडलेली प्रत्येक कुर्ली हे उचलून उलटी करीत.

"हे कसलं वो मास्तर," मावशी म्हणाली, "लोक तोंड बघून सोयरीक जुळवत्यात, तुमी पोट बघताय."

"तोंड सगळ्यांचं सारखंच असतं, मावशी."

"तुमच्या शाळंत असंल. आमच्या गावात न्हाई."

एकदा एका कुर्लीच्या पोटाखालची झडप ह्यांनी हलकेच उघडली तर आत पिल्ले होती. मुगाएवढी, पण नांग्यांसकट पुरी कुर्ली. मावशीने ती ह्यांच्या हातातून काढून घेतली आणि दगडाच्या आडोशाला पाण्यात सोडली. पिल्लेवाली घरी नेत नाहीत. परत येताना ह्यांनी सांगितले की समुद्रातले खेकडे आपली पोरे लाटेवर सोडून देतात, पण नदीत तसे केले तर पोरे वाहून जातील, म्हणून नदीच्या आया त्यांना धरून ठेवतात. शेवंडाचेही तसेच. दक्षिणेकडच्या शेवंडाच्या पिल्लांना मागच्या पायांच्या टोकाला बारीक आकडे असतात. त्या आकड्यांनी ती आईच्या पोटाला लटकून राहतात, कात टाकून मोठी होईपर्यंत. आम्हाला मूल नव्हते. हे बोलत होते आणि मी ऐकत होते, आणि वाटेवर सगळीकडे उन्हाचे कवडसे हलत होते.

दुसऱ्या वर्षी पाऊस सरल्यावर ह्यांना ओढ्यापर्यंत जाववेना. ओसरीतून भिंत दिसेल अशा बेताने मी अंथरूण घातले. दिवाळीआधी घर सारवले तेव्हा तेवढी एक भिंत सोडली. ह्यांनी मावशीला बोलावून घेतले, पाटीवर शेवंडाचे चित्र काढून दाखवले, आणि वरच्या गावांतही विचारायला सांगितले. मावशीचा भाऊ दिग्गीला होता. तो नदीवर मासे धरी.

"शेपटीची कुर्ली," चित्र बघत मावशी म्हणाली. "कशाला पायजे?"

"बघायला."

"नुसतं बघायला?"

"नुसतं बघायला. जिवंत मिळाली तर बरं."

मावशीने माझ्याकडे पाहिले. मला तेव्हाच समजायला हवे होते असे नाही, पण ती नजर मला आठवते. आजारी माणूस अंथरुणावरून एखादा प्राणी मागतो, तोही नेमका, नांग्या मोजून, आणि म्हणे बघायला. त्या रानात कुणाचा यावर विश्वास बसला असता? खंगलेल्या माणसाला कुर्लीचे कढण देतात. मास्तर शिकलेले, त्यांच्या पुस्तकात याहून जालीम काही लिहिलेले असणार, आणि मागायला भीड वाटत असणार. मावशीने आपल्या मनाशी हे असे लावले. आमच्यापाशी काही बोलली नाही.

काही दिवसांनी उजाडता उजाडता ती आली. धुके अजून शेतावर होते आणि ती त्यातून चालत आली तेव्हा कमरेखालची मावशी दिसत नव्हती. हातात फडक्याने झाकलेला तांब्या होता. औषध घेऊन येणाऱ्याने, ते पिऊन होईपर्यंत काय आहे ते सांगायचे नाही, अशी तिथली रीत. तिने ह्यांना हाताने खुणावले. ह्यांनीही रीत पाळली, काही न विचारता थोडेथोडे करून सगळे प्यायले. मिऱ्यांचा वास घरभर झाला.

तांब्या रिकामा झाल्यावर मावशी खाली बसली आणि तिने पदराने तोंड पुसले.

"गावली," ती म्हणाली. "भावानं डोहातनं काढली. ही एवढी. चित्रातल्यागत शेपूट. रातोरात चालत आला बिचारा."

ह्यांनी तांब्या हळूच खाली ठेवला. "कुठे आहे?"

"कुठं म्हंजे? पोटात गेली की तुमच्या."

ह्यांनी एकदा भिंतीकडे पाहिले. मग हे म्हणाले, "मावशी, पोट बघितलंस तिचं?"

"पोट, पाय, समदं उखळात घातलं. चांगलं बारीक कुटलं. गाळून आणलंय, घशाला काय लागायचं न्हाई."

मी ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहू शकले नाही. मावशीने कनवटीला खोचलेली पानांची पुडी काढून माझ्या हातात दिली. त्यात चोथा होता. ज्या जिवाचे औषध केले त्याची कवचे घरातल्या माणसाने वाहत्या पाण्यात परत सोडायची, हीही रीतच. "जा बाय," ती म्हणाली. "ऊन चढायच्या आत."

मी ओढ्यावर गेले. पुडी उघडून सोडायची असते, म्हणून उघडली. बहुतेक सगळे भुगा झाले होते, उखळात काय उरणार? पण पुडीच्या कडेला एक लांब तुकडा होता, मुसळाखालून निसटलेला. नांगीचा हात. बांबूच्या काडीसारखा बारीक आणि निळा, आभाळ पाण्यात दिसते तसला निळा. शेवंडाचा हात असा नसतो हे मला ठाऊक होते. मी दगडावर बसले. पाणी पायांवरून जात होते. तो निळा हात हातात घेऊन मी किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. मला वाटत होते, इथून उठूच नये. इथे बसले तोवर घरी ह्यांच्या मनात तो सापडलेला आहे. मग पुडी पाण्यात सोडली. भुगा विरून गेला आणि तो हात जरा तरंगत, वळत, खाली गेला.

परतले तेव्हा मावशी गेली होती. हे भिंतीकडे तोंड करून निजले होते.

"काय दिसलं?" ह्यांनी विचारले.

"झिंगा होता," मी म्हटले. "नदीतला मोठा. निळ्या हातांचा."

हे माझ्याकडे वळले. मला वाटले होते त्यापेक्षा चेहरा शांत होता. "मला कळलं होतं," हे म्हणाले. "चवीवरून."

"मग मावशीला बोलला का नाहीत?"

"तिनं किती कुटलं होतं बघ."

मला हसू आले आणि डोळेही भरले. ह्यांनी माझा हात हातात घेतला आणि आम्ही दोघे तसेच, धुके वर जाताना पाहत राहिलो.

दुपारी मावशी पुन्हा आली. दारातूनच विचारले, "मास्तर, तीच नव्हं ती?" मी चुलीपाशी होते, आणि माझे हात थांबले. वर्गात एखाद्या मुलाने वटवाघळाला पक्षी म्हटले तरी हे दुरुस्त करीत. चुकीचे नाव ह्यांनी कधी पुढे जाऊ दिले नव्हते.

"तिच्या घराण्यातली," हे म्हणाले. "दहा पायांचं घराणं. चुलत बहीण म्हण."

मावशीने यावर विचार केला. "म्हंजे सख्खी अजून ऱ्हायलीया."

"व्हय. सख्खी राहिली."

"मग ती बी आणू. पण आता कुटायची न्हाई?"

"कुटायची नाही. आधी मला पोट दाखवायचं."

"तुमास्नी त्या पोटाचं काय याड हाय, देव जाणं," मावशी म्हणाली, आणि उठून गेली.

हे त्याच हिवाळ्यात गेले. ठिपका दिला गेला नाही. पुढच्या दिवाळीला मावशी सारवायला मदतीला आली आणि शेणाची पाटी घेऊन त्या भिंतीसमोर उभी राहिली. "ही बी?" तिने विचारले. चुना बऱ्याच ठिकाणी पोपडे धरून पडला होता. न्यूझीलंड तर अर्धे गळून गेले होते. मी मान हलवली. भिंत आम्ही दोघींनी मिळून सारवली. मावशीने तिच्या बाजूने, मी माझ्या. मधला आमचा देश शेवटी राहिला, आणि मग तोही.

मी गुंदमध्येच राहिले. पुस्तकाची आता मला थोडी ओळख झाली आहे. सावकाश वाचते, शब्दकोश मांडीवर ठेवून. त्यात लिहिले आहे ते खरे असावे. आमच्या पाण्यात तो नाही.

पण मावशी ओढ्यात उतरते तेव्हा मी काठावर बसते. तिला आता नीट दिसत नाही. दगड उचलते, पाणी गढूळ होते, निवळते. हाताला जे लागेल ते वर काढून ती उलटे करते आणि माझ्यापुढे धरते.

"बघ बाय," ती म्हणते. "सख्खी हाय का?"

मी वाकून पाहते. नीट पाहते, दर वेळी. मग नाही म्हणते, आणि ती टोपलीत टाकते.