गोठ्यातला टॅब

टॅब कधी बदलायचा, हे मी लोकांना सांगत हिंडायचे. नगरच्या बाजारात, भिंगारच्या शाळेबाहेर पत्रकं वाटायचे: फेकू नका, दुरुस्त करा. कंपनी बॅटरी गोंदाने चिकटवते, अपडेट बंद करते आणि चांगलं यंत्र चार वर्षांत भंगारात काढायला लावते. ही लूट आहे. आजही म्हणते, लूटच आहे.

माझा कॉलेजातला टॅब तिसगावला आमच्या गोठ्यात खिळ्याला टांगलेला असायचा. त्यात आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, धार काढतानाचा व्हिडिओ होता. मीच घेतलेला. आप्पा गेले आणि गाय पान्हवेना. लाथा झाडायची. एका सकाळी आईने तो व्हिडिओ लावून पाहिला. "ये बये, उगी, उगी," आप्पा म्हणाले आणि गायीने कान टवकारले. तेव्हापासून दोन्ही वेळा टॅब बोलायचा आणि आई धार काढायची. व्हिडिओच्या शेवटी आप्पा माझ्यावर खेकसायचे, "दात काय काढतीस? बादली धर!"

टॅब सात वर्षांचा झाला. काच एका बाजूने उचलली. आईने जुन्या लुगड्याची चिंधी फाडून तो करकचून आवळला. कुदळीचा चिरलेला दांडा बांधतात तसा. मग मला फोन केला.

"ह्याची पाठ फुगलीय गं. नवा घ्यावा का?"

"अजिबात नाही! कंपनीला तेच पाहिजे. चालतोय तोवर चालव. मी आले की बॅटरी बदलू."

फुगलेली बॅटरी दाबायची नसते, चार्जिंगला लावायची नसते, त्याच दिवशी काढायची असते. मला माहीत होतं. माझ्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं. पण आई काय सांगतेय ते मी ऐकलंच नाही. मला उत्तर द्यायची घाई. आणि आपलं घर कंपनीच्या गोदामात कशाला ठेवायचं, म्हणून इंटरनेटवर प्रत जायची सोय मीच बंद करून ठेवलेली. तो व्हिडिओ एका पेनड्राईव्हवर घेतला असता तरी भागलं असतं.

आठवड्याभरात चार्जिंगला लावलेल्या टॅबमधून धूर निघाला. आईने काठीने तो अंगणात ढकलला आणि वर माती ओतली.

नगरच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडला आणि लगेच मिटला. "बोर्डच जळालाय, ताई. यातलं काही निघणार नाही." मग काउंटरच्या काचेखालच्या माझ्या पत्रकावर बोट ठेवलं. "पाठ फुगली तेव्हाच आणायचा ना. तुम्हीच तर हे देऊन गेल्या होत्या."

मी जळका टॅब पिशवीत टाकला आणि निघाले.

घरी आईला म्हटलं, "नवा घेऊन देते."

"त्याच्यात काय बघू?"

संध्याकाळी तिने आधी वासरू सोडलं. ते दोन घोट प्यायलं, गाय पान्हवली, आईने वासरू ओढून बाजूला बांधलं. लाथ नाही, काही नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी हसले.

"बघ, वासराने जमलं की!"

आईने गायीच्या पोटाला कपाळ टेकवलेलं होतं. ते तिने उचललं नाही.

"तिचं दिवाळीपासनंच जमतंय."

मग व्हिडिओ कशाला लावायचीस, असं मी विचारलं नाही. खाली बसले आणि बादली धरली.