म्हैस, शेळी आणि रापणीची दोरी

माझ्या जीपला भावोजी म्हैस म्हणायचे आणि त्यांच्या गाडीला मी शेळी म्हणायचो. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणजे थट्टेचं नातं. तोंड सोडायची दोघांनाही मुभा होती आणि ती आम्ही पोटभर वापरली.

माझी जीप मिलिटरीच्या लिलावातली. मूळचं पेट्रोल इंजिन काढून मी कोल्हापुरात तिला डिझेल इंजिन बसवून आणलं होतं. गियरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे. एक ओढला की पुढची चाकंही जोर लावायची. दुसरा ओढला की सगळे गियर बसके व्हायचे. वेग मरायचा, पण ताकद अशी यायची की मला स्टिअरिंगवर बसल्या बसल्या गुदगुल्या व्हायच्या. स्प्रिंगचे पाटे इतके कडक, की मालवणहून कुडाळला पोचलेला पाहुणा खुर्ची दिली तरी थोडा वेळ उभाच राहायचा.

भावोजींची कुडाळजवळ चिऱ्यांची खाण. त्यांनी त्या वर्षी कोरी, हलकी, पेट्रोलवरची फोर-व्हील घेतली. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता आणि अशी गाडी आमच्या भागात बघायलाही माणसं जमायची. चार गियर, गोड आवाज. मी खाली वाकून तिचा मागचा एक्सल बघितला आणि म्हणालो, "ह्येच्यार आवशीन लुगडां वाळत घातल्यान तर वाकतलो."

"रे, तुझो एक्सल जाडो आसा, डोक्यासारखो," भावोजी म्हणाले.

मग काय, पैजा सुरू. खाणीच्या लाल, निसरड्या चढावर दोन्ही गाड्यांना चिऱ्यांनी भरलेली ट्रॉली लावली. शेळीची चारी चाकं जागच्या जागी फिरली आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना चिखलानं रंगवून गेली. म्हैस गुरगुरत वर चढली. मी वर जाऊन इतक्या जोरात ओरडलो की घसा बसला. पुढच्याच आठवड्यात कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर कोरड्या रेतीत उलटं झालं. माझी जीप स्वतःच्या वजनानं एक्सलपर्यंत रुतली, आणि भावोजी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून, हॉर्न वाजवत तिला दोरीनं बाहेर काढून गेले. आठवलं की अजून माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. एकेक बरोबरी झाली होती आणि निकाल लागायचा बाकी होता.

तो लागला रापणीवर. बाबा आमच्या वाडीच्या रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके. रापणीचं जाळं होडी समुद्रात अर्धगोल टाकत जाते आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसं ओढतात. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात, नाहीतर मासळी निसटते. आणि रापणीचा रिवाज असा की दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा, मग तो पैलवान असो नाहीतर काठी टेकत आलेली म्हातारी.

त्या वर्षी हातच कमी पडले. तरणी पोरं ट्रॉलरवर गेली, काही गोव्याला. बाबांच्या छातीत दुखायला लागल्यापासून डॉक्टरांनी त्यांनाही दोरी ओढायला बंदी केली होती. ते मधे उभे राहून पंचा हलवत, दोन्ही बाजूंना इशारे देत. हाताचा वाटा मात्र त्यांनी तेव्हापासून घेणं सोडलं. भावोजी मुक्कामाला आले होते, तेव्हा एका सकाळी न्याहारी करताना ते म्हणाले, "माणसां नाय गावली, तर जाळां माळ्यार चढवतलंय."

माळ्यावर चढलेलं जाळं पुन्हा खाली येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आईचा हात भाकरीवर थांबला. मी आणि भावोजी मात्र एकदम म्हणालो, "गाडी लावया!" आयुष्यात पहिल्यांदाच आमचं एकमत झालं आणि कुठली बाजू कुणाची ह्यावरून लगेच मोडलंही.

तो पहिला दिवस! टायरमधली निम्मी हवा काढून टाकली, म्हणजे रेतीत रुतायला नको. दोऱ्या मागच्या हुकांना बांधल्या. बाबांनी पंचा हलवला आणि दोन्ही इंजिनं एकदम गरजली. दोरी पाण्यातून वर आली, ताठ झाली, तिच्यातून पाणी पिळून गळायला लागलं. सुरूच्या झाडांपर्यंत ओढायचं, माणसांनी दोरी धरून ठेवायची, गाडी मागे न्यायची, पुन्हा बांधायचं. दुपारपर्यंत चालणारं काम आम्ही ऊन तापायच्या आत संपवलं. शेवटचं जाळं आठ माणसांनी हातानं घेतलं आणि आत तारल्या नि बांगडे नुसते उसळत होते. मी बॉनेटवर चढून नाचलो. भावोजीही नाचले. कोण जिंकलं हे विचारायचंसुद्धा विसरलो.

मग वाटे पडले. वाडीच्या टोकाला एकटी राहणारी आमची एक म्हातारी काकी आणि तिच्यासारख्या आणखी काहीजणी होडीच्या सावलीत टोपल्या घेऊन बसल्या होत्या. एरवी त्या दोरीच्या शेपटाला धरून चालायच्या. त्यांच्या ओढण्यानं जाळं बोटभरही हलत नसेल, पण हात लागायचा. बाबांनी काकीसाठी वाटा काढला आणि हाक मारली, "वयनी, घे गो."

ती उठलीच नाही. "माझो हात लागाक नाय," ती म्हणाली. "गाडयेन ओढल्यान, गाडयेक घाल."

"अगो, घे म्हणतंय मा!"

"मी ओढूक इलंय. मागूक येवक नाय." आणि रिकामी टोपली डोक्यावर ठेवून ती निघाली. तिच्या मागून बाकीच्याही गेल्या.

घरी आल्यावर अंगणात पाय धुताना बाबा म्हणाले, "फाल्यां गाडी नको."

उद्या गाडी नको म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. "मगे आठ माणसांनी जाळां येतला?"

"येवचा नाय. माळ्यार जायत."

मी तरातरा जाऊन जीपमध्ये बसलो. इतका राग आला होता की जीपशिवाय कुणाशी बोलायचंच नव्हतं. आठ माणसं जाळं ओढू शकत नव्हती, आणि गाडी ओढायला लागली की म्हाताऱ्यांना रापण परकी होत होती. बसल्या बसल्या हात गियर बसके करणाऱ्या त्या छोट्या दांड्यावर गेला आणि डोक्यात एकदम उजेड पडला. मी पळत आत गेलो. "बाबा, दोरी लांब करूया! गाडी पुढे, माणसां मागे, सगळ्यांचो हात दोरयेक. गाडी काकीच्या पावलान चलतली."

"तितकी सावकाश चलता ती?"

"चलतली!" मी म्हणालो.

"माझी पण!" भावोजी म्हणाले, कारण त्यांना गप्प बसवतच नव्हतं.

म्हणजे पैज उलटी झाली. इतके दिवस कोण आधी पोचतो ते बघत होतो, आता कोण बंद न पडता शेवटी पोचतो ते बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः जाऊन काकीला आणलं. मी सगळ्यात बसका गियर टाकला आणि दोन्ही पाय पेडलवरून वर घेतले. डिझेल इंजिन डुगडुगत, ताणलेली दोरी घेऊन, म्हातारीच्या चालीनं चालायला लागलं. धक्का नाही, बंद पडणं नाही. पलीकडे शेळीचा जीव कासावीस. इतक्या हळू ती बंदच पडायची. भावोजी क्लच अर्धा दाबून तिला सांभाळत होते आणि जळका वास माझ्यापर्यंत येत होता. गाडी हिसका द्यायची, तशी त्यांच्या दोरीवरची माणसं एकमेकांवर जायची. "ओ जावयबापू, माका पाडतास काय?" एक म्हातारी कडाडली आणि सगळा किनारा हसला. दोन्ही बाजू सारख्या ठेवायला बाबा मला पुन्हा पुन्हा थांबवत होते. मी थांबायचो आणि तेवढ्या वेळात भावोजींना काय काय ऐकवायचो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. "मानलंय रे!" शेवटी ते ओरडले.

तेवढ्यात मी आरशात बघितलं. बाबांनी पंचा शेजारच्या माणसाच्या हातात दिला होता आणि ते माझ्या दोरीकडे येत होते. काकीच्या मागे जाऊन त्यांनी दोन्ही हातांनी दोरी धरली. 'बाबा, नको' असं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण सगळा भार जीप घेत होती. बाबांना फक्त चालायचं होतं. मी पाय आणखी वर घेतले आणि मनातल्या मनात जीपला म्हणत राहिलो, चल, अशीच चल, हिसका देऊ नकोस. तिनं एकदाही दिला नाही. इतकी हळू गाडी मी पुन्हा कधी चालवली नाही, आणि इतका आनंदही मला कुठल्या गाडीनं दिला नाही.

वाटे पडले. काकी टोपली भरून, कुणाचे आभार न मानता गेली. सगळ्यांचं झाल्यावर एक वाटा उरला. तो कुणाचा म्हणून माणसं इकडेतिकडे बघायला लागली, तेव्हा बाबांनी खाली बसून तो टोपलीत भरला.

टोपली त्यांनी मला उचलू दिली नाही. घरापर्यंत स्वतः आणली, आईच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "ह्यो माझ्या हाताचो."