मामांनी गिळलेला जयजयकार

देव चराचरात आहे असं सांगणारे संत आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले, पण ते वाक्य शब्दशः अमलात आणून भर दुपारी सरकारी जिन्यातली रहदारी अडवून धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या हिचे मामा. कचेऱ्यांच्या जिन्यांत कोणी थुंकू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या फरश्या बसवतात ना, त्या मामांच्या लेखी साक्षात देवळं. जुन्नरला एका कचेरीत मी त्यांच्याबरोबर गेलो आणि वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत साहेब जेवायला गेले. दर वळणावर मामा चपला काढणार, टोपी सारखी करणार, डोळे मिटणार. मागे तुंबलेल्या माणसांतून कोणीतरी खेकसलं, "ओ बाबा, सरका की जरा!" मामा डोळे न उघडताच म्हणाले, "दर्शनाची लाइन हाये भाऊ, मधी घुसू नका." गंमत म्हणजे मागच्या दोघातिघांनी खरंच चपला काढल्या. त्यांत एक मी होतो.

टीव्हीवर पौराणिक मालिका लागली की मामांच्या डिंगोरे गावच्या घरात रिमोट पाटावर ठेवला जायचा आणि पडद्यासमोर उदबत्ती लागायची. जाहिराती लागल्या की मामा मांडी मोडून चहा पिऊन घ्यायचे आणि देव परत आले की पुन्हा हात जोडून बसायचे. एकदा त्याच मालिकेतला देव जाहिरातीत बनियन घालून अवतरला. आता यांची श्रद्धा डळमळणार म्हणून मी हळूच, जरा आसुरी आनंदानेच, त्यांच्याकडे पाहिलं. मामा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, देवालाबी संसार हाये." मी शहरात शिकलेला, चार पुस्तकं वाचलेला माणूस; पण जाहिराती संपून देव परत आले तेव्हा हात मीही जोडले.

पण मामांचा खरा जीव खंडोबात. 'येळकोट येळकोट' हे शब्द कुठूनही कानावर पडले की मामांच्या तोंडून 'जय मल्हार' बाहेर पडलंच पाहिजे. ते त्यांच्या हातात नव्हतं. शिंक जशी आपल्या हातात नसते, तसंच. आणि आवाज असा, की गोठ्यातल्या शेळीने दावं तोडावं. ओतूरला दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीत आ करून पडले असताना बाहेर कोणाचा तरी मोबाइल 'येळकोट येळकोट' करत वाजला. मामांनी उत्तर दिलं. डॉक्टरांचं बोट त्या वेळी मामांच्या तोंडात होतं. डॉक्टर आता आमच्या घरातल्या कोणालाही तपासायच्या आधी फोन सायलेंट करायला लावतात.

चंपाषष्ठीला मामांच्या घरी तळी भरतात. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याचे तुकडे, वर हळदीचा भंडारा आणि मध्ये देवाची प्रतिमा उठवलेला चांदीचा टाक. पाच जणांनी भोवती बसून ते ताम्हण उचलायचं. एकाने 'येळकोट येळकोट' म्हणायचं, बाकीच्यांनी 'जय मल्हार' म्हणून घर दणाणून सोडायचं. चौघांत तळी उचलायची नाही, हा मामांचा कायदा. पूर्वी ओसरीत पाच काय, पंधरा जण असायचे. मग थोरला मुलगा चाकणच्या कारखान्यात लागला, धाकटा पुण्यात संगणकासमोर बसला, भाऊबंद जिकडेतिकडे पांगले. सणाला मुलांचा फोन यायचा, "तात्या, रजा न्हाई मिळत." मामा म्हणायचे, "असू दे, असू दे, हितं लई माणसं हायेत," आणि फोन ठेवून पाचवा माणूस शोधायला रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. एका वर्षी त्यांनी मोटारसायकलवरून आलेला एक खतविक्या धरला. तो बिचारा पत्ता विचारायला थांबला होता. त्याला हातपाय धुवायला लावून पाटावर बसवला, कपाळाला भंडारा फासला आणि पुरणपोळी खाऊ घालूनच पुढे सोडला.

हे सगळं आमची मुक्ता लहानपणापासून बघत होती. मुक्ता म्हणजे माझी मुलगी. पुण्यात नाटकाचं शिक्षण घेऊन आली आणि ओतूरला मुलांना नाटक शिकवायला लागली. तिने स्वतःचं पहिलं नाटक लिहिलं, 'पाचवा हात'. पुण्याच्या एका फ्लॅटमध्ये गावाकडचा म्हातारा तळी भरून बसलेला आहे. तो, मुलगा, वॉचमन आणि दूधवाला, असे चारच जण जमलेत. पाचवा येतच नाही. शेवटी म्हातारा न राहवून 'येळकोट येळकोट' अशी हाक घालतो. उत्तर येत नाही. शांतता. अंधार. पडदा. म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी तिला केस पिकलेला, पोट सुटलेला आणि मानधन न मागणारा नट हवा होता, म्हणून मला घेतलं. माझा याआधीचा अनुभव म्हणजे शाळेच्या नाटकात भालदार झालो होतो आणि भाल्यासकट प्रॉम्प्टरवर पडलो होतो.

मुक्ताने तळीसाठी पुठ्ठ्याला चंदेरी कागद चिकटवून टाक केला होता. तालीम बघायला आलेल्या मामांनी तो दोन बोटांत धरला, उलटासुलटा केला आणि ओतूर स्टँडवरून तडक डिंगोऱ्याला निघून गेले. दुसऱ्या दिवशी देवघरातला खरा टाक फडक्यात गुंडाळून घेऊन हजर. त्या दिवसापासून आमच्या आधुनिक नाटकाचं देवस्थान झालं. रंगमंचावर चपला बंद. दिवे लावणाऱ्याने शिडीवरसुद्धा अनवाणी चढायचं. तालमीच्या दिवशी कोणी अंडाभुर्जी खाल्ली असेल तर त्याने लांबून संवाद म्हणायचे. मुक्ता कुरकुरली, "आजोबा, हे नाटक आहे हो!" मामा म्हणाले, "नाटक तुझं. देव माझा. दोगं आपापल्या जागी ऱ्हाऊ दे." रोज ताज्या खोबऱ्याचा प्रसाद वाटला जाऊ लागल्यामुळे तालमीला कोणी गैरहजर राहीना, हे मात्र दिग्दर्शिकेने मान्य केलं.

घोटाळा फक्त शेवटाला व्हायचा. मी गुडघे टेकून, घसा दाटून आणून (हा अभिनय मला गुडघ्यांत पोट दाबलं गेल्यामुळे आपोआप जमायचा) 'येळकोट येळकोट' म्हणायचो आणि रिकाम्या सभागृहाच्या कोपऱ्यातून तोफ डागल्यासारखं यायचं, "जय मल्हार!" मुक्ता डोकं धरून बसायची. "आजोबा, इथे उत्तर येत नाही, हेच तर नाटक आहे! तुम्ही उत्तर दिलंत तर माझ्याकडे उरलं काय?" मामा शरमून म्हणायचे, "चुकलं पोरी. आता न्हाई." पुन्हा तालीम, पुन्हा तोफ. त्यांना बाहेर बसवलं, तर खिडकीतून उत्तर आलं. शेवटी एकदा मुक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं पहिलं नाटक आहे आजोबा. लोक हसतील शेवटाला." मामांनी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि टाकाला हात लावून शब्द दिला, "त्या दिवशी माझ्या तोंडातून चकार शब्द निघायचा न्हाई."

प्रयोगाच्या दिवशी ओतूरचं सभागृह खच्चून भरलं. डिंगोऱ्याहून दोन पिकअप भरून मंडळी आली, शिवाय मखमली पडदा उसना देणारे आमचे कापडवाले शेठ सहकुटुंब, आणि दुसऱ्या रांगेत, मुक्ताने गळ घातली म्हणून, मामांची दोन्ही मुलंही होती. मामा विंगेत उभे. पडदा वर जायच्या आधी त्यांनी उपरण्याचं टोक घडी करून तोंडात कोंबलं आणि हाताने मला खूण केली: होऊ द्या.

नाटक चाललं. मी फक्त एकदा चुकलो, आणि वॉचमनला सूनबाई म्हणालो. शेवट आला. भरलेली तळी समोर, आम्ही चौघे भोवती. मी दाराकडे पाहिलं, कोणी येत नव्हतं. मी मान वर केली आणि हाक घातली, "येळकोट येळकोट!" माझी एक नजर विंगेत होती. मामांचे डोळे बटाट्यासारखे बाहेर आले होते, मानेच्या शिरा ताठ, पण उपरणं जागचं हललं नाही.

आणि अख्खं सभागृह गरजलं, "जय मल्हार!"

मुक्ताने एका माणसाचा बंदोबस्त केला होता आणि सगळं ओतूर विसरली होती. रिकाम्या हॉलमध्ये तालमी केल्यामुळे हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, की या मुलखात ही हाक अनुत्तरित ठेवायची कोणाची छाती नाही. डिंगोरेकर उभे राहिले होते. कापडवाले शेठ दोन्ही हात वर करून ओरडत होते. अंधार करायचा तो दिवेवालाच शिडीवर हात जोडून उभा, त्यामुळे अंधार काही होईना. मी आता मान खाली घालून शांततेत विरघळायचं होतं. पण नट म्हणून माझी लायकी तुम्हाला कळली आहेच. मी पुन्हा ओरडलो, "येळकोट येळकोट!" छताची धूळ खाली आली. लोक रडत होते, हसत होते, टाळ्या थांबत नव्हत्या. तळी मात्र आम्ही उचलली नाही. चौघांत चालत नाही, हे मामांनी आमच्या हाडीमाशी मुरवलं होतं.

पडदा पडला तशी मी घाबरत मुक्ताकडे गेलो. ती विंगेत खोक्यावर बसून हसत होती, गालांवरून पाणी वाहत होतं. "बाबा, माझी शांतता खाल्ली हो सगळ्यांनी!" इतक्यात मामा पुढे आले. तोंडातून ओलं उपरणं काढलं आणि कळवळून म्हणाले, "मुक्ते, मी न्हाई वराडलो गं. देवाशपथ."

"माहितीये आजोबा. तुम्ही एकटेच गप्प होता."

नट मंडळी वडापाव खायला पळाली. मामांची मुलं आत आली. थोरला म्हणाला, "तात्या, चला, सोडतो घरी. मला उद्या फर्स्ट शिफ्ट हाये." मामा हलले नाहीत. ते रिकाम्या रंगमंचावरच्या तळीकडे बघत होते.

"मुक्ते, ही तळी माझीच हाये न्हवं? आन तो म्हातारा मीच."

मुक्ताने मान डोलावली. थोरला मुलगा बुटांकडे बघायला लागला.

"झकास केलंस," मामा म्हणाले. "पर भरलेली तळी अशी ठिवून जायची नसती. उचलू का आता?"

थोरल्याने बूट काढले आणि खाली बसला. धाकटा त्याच्या शेजारी. मी माझं पोट सांभाळत टेकलो, मामा बसले. मामांनी बोटांवर माणसं मोजली आणि मुक्ताकडे मान वळवली. "ये. हात लाव."

"मी? बायकांनी उचललेली चालते?"

"तू भरलेली चालती आन उचललेली चालत न्हाई व्हय? बस."

दरवेळी हाक मामा घालतात. त्या दिवशी त्यांनी थोरल्याला खुणावलं, "तू म्हन." थोरल्याचा आवाज अर्ध्यात फुटला, "येळकोट... येळकोट..." मी कानांवर तोफ झेलायला सज्ज झालो. आणि मामा म्हणाले, "जय मल्हार." इतकं हळू, की ताम्हणातली सुपारी घरंगळल्याचा आवाज त्यापेक्षा मोठा असेल. लांबच्या माणसाला हाक मारावी लागते. जवळ बसलेल्याशी ओरडून कशाला बोलायचं?

मुक्ताने नंतर नाटकाचा शेवट बदलला. आता ती प्रेक्षकांच्या उत्तरासाठी जागा सोडते, आणि उत्तर येतं. कुठेही प्रयोग असो, टाक घेऊन मामा विंगेत असतात. उपरणं खांद्यावर.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मामा 'मी पिकअपमधनं जाईन, तुमाला उशीर व्हईल' म्हणून मागे राहिले. थोरल्याची गाडी निघताना त्यांनी मागच्या काचेवर थाप मारली, "सावकाश जा रं!" हाताला भंडारा होता, त्याचा पिवळा पंजा काचेवर उठला. मुलं चाकणच्या रस्त्याला लागली आणि मामा गाडी दिसेनाशी होईपर्यंत स्टँडवर उभे राहिले. परवा मी चाकणला गेलो होतो. थोरला मोठा टापटिपीचा माणूस, दर रविवारी गाडी लख्ख धुतो. गाडी लख्खच होती. मागच्या काचेवर तेवढी पाच पिवळी बोटं होती, जरा फिकटलेली, आणि त्यांच्या कडेकडेने फडकं फिरवल्याच्या खुणा.