जपानी मल्लखांब

आई साताऱ्याहून माझ्याकडे कॅनडात, ब्रॅम्पटनला आली आणि बघता बघता इथल्या अख्ख्या मराठी मंडळाला कळलं, की मी दोरीचा मल्लखांब करते.

शाळेत मी तो करायचे, हे खरं. पण शनिवारी टोरांटोत मी जे करते त्याला शिबारी म्हणतात. माणसाला त्याच्या संमतीनं तागाच्या दोरांनी जपानी पद्धतीनं बांधायचं, छताच्या कडीला टांगायचं, आणि लोकांनी तिकीट काढून ते बघायचं. त्यात कामुक काहीच नाही, असं मी म्हणत नाही. पण माझं निम्मं लक्ष असतं ते बांधलेल्या माणसाचा हात बधिर झाला का, बोटं गार पडली का, याकडे. हे सगळं मी आईला नीट बसवून समजावलं होतं. तिनं ऐकून घेतलं, "म्हणजे दोरीवरचंच ना," म्हणाली आणि कणीक मळायला उठली.

मग मंडळाच्या एका काकूंचे फोन सुरू झाले. गणपतीच्या प्रोग्रॅमला मुलांसमोर थोडं परफॉर्म करशील का? बॅकयार्डमध्ये क्लास घेशील का? मुलांचा स्क्रीन टाइम तरी कमी होईल! टाळून टाळून मी वैतागले.

शेवटी आईवर भडकलेच. "माझ्या कामाची लाज वाटते ना तुला? मग तसं सांग. हे मल्लखांबाचं काय लावलंयस?"

"लाज कसली? आपल्यात शब्द कुठाय त्याला?" आई म्हणाली.

रविवारी बेसमेंटमध्ये सराव चालू होता. जिला मी स्टेजवर बांधते ती स्कारबरोची मैत्रीण दोरांत लटकलेली, आणि आई चहा घेऊन खाली आली. मला वाटलं, संपलं सगळं. आईनं तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"दुखत नाही ना गं तिला? विचार की."

"आय ॲम गुड, आंटी!" मैत्रीण वरूनच म्हणाली. मराठी तिला येत नाही, पण आईचा चेहराच पुरला असावा.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. काकूच.

"नाही हो, मल्लखांब नाही ते," आई म्हणाली. "माझंच चुकलं सांगताना. थांबा, तीच सांगेल." माझे दोन्ही हात दोरात होते, म्हणून तिनं फोन माझ्या कानाला लावून धरला.

मला इतके दिवस हेच तर हवं होतं. अनोळखी गर्दीपुढे इंग्रजीत मी हे घडाघडा सांगते.

"सांग गं बाळा, काय करतेस मग तू?" काकूंनी विचारलं. आवाज अगदी आमच्या शाळेतल्या बाईंसारखा. मी माणसं बांधते, एवढंच म्हणायचं होतं.

"मल्लखांबच, काकू," मी म्हणाले. "जपानी."

आईनं फोन बंद केला.

"आता लाज कोणाला वाटली?"