बंद घरांची मीटरं

मीटर रीडिंग घेणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. रोज दारोदार जायचं, कुत्री चुकवायची, ओसरीतल्या मीटरचा मोबाईलने फोटो काढायचा आणि पुढचं दार गाठायचं. संध्याकाळी मंगरूळपीरच्या स्टँडसमोर चहाला बसलो की प्रत्येकाकडून एखादा तरी निघतोच. हसण्यासारखे भरपूर आहेत, ते पुन्हा कधी. आज बंद घरांचे सांगतो.

दिवाळी झाली की आमच्याकडच्या खेड्यांतली बरीच घरं कुलूप लावून ऊसतोडीला, वीटभट्टीवर निघून जातात. बंद घराचं मीटर गप्प असतं. पण आत नुसता पंखा जरी चालू असला, तरी मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो. दाराला कुलूप आणि दिवा लुकलुकतोय, असं दिसलं की भरदुपारीही अंगावर काटा येतो.

*

पहिला मान गजाननभाऊंचा. आमच्यात सगळ्यात जुने तेच.

शिरपूर जैनजवळच्या एका खेड्यात त्यांना असंच मीटर दिसलं. कुलपावर कोळ्याने जाळं विणलेलं. वायरिंगमध्ये घोळ असेल म्हणून त्यांनी फ्यूज काढला. आतून बारीक आवाज आला, "लाइन गेली काय?"

भाऊंचं अर्धं आयुष्य या प्रश्नाला उत्तर देण्यात गेलेलं. सवयीने बोलून गेले, "आली, आली." फ्यूज परत बसवला, गाडीला किक मारली आणि मग त्यांना कुलपावरचं जाळं आठवलं.

*

रफिकचा किस्सा गावातलाच आहे.

मंगरूळपीरला काही जुने सरकारी क्वार्टर पडायला आलेले होते. रफिक रीडिंगला गेला तेव्हा तिथून इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला पोरगा बाहेर आला. पोलीस भरतीची तयारी करत होता. आई वारली, बापाने दुसरं लग्न केलं आणि नव्या संसारात याची खाट कुठे टाकायची, हा प्रश्न पडला. शेवटी यानेच तो सोडवला आणि घर सोडलं. रूम का नाही घेत, असं रफिकने विचारलं.

"घरमालक म्हन्ते, फॅमिली असंन तं देतो," पोरगा म्हणाला. "फॅमिली असती तं रूम कायले पाह्यली असती?"

भरतीच्या कागदांवर पत्ता काय टाकतो, हे विचारायचा रफिकला धीर झाला नाही. पुढच्या महिन्यात गेला तर क्वार्टर पाडलेले. एकच भिंत उभी होती. तिच्या खिळ्याला तो पांढरा शर्ट, इस्त्रीची घडीही न मोडलेला. पोरगा कुठे गेला, ते कोणालाच माहीत नव्हतं.

*

आता माझ्या रूटवरचा.

एका बंद घरातून बांगड्या वाजतात, अशी हूल उठली. गावाने उतारा काढला. स्टीलच्या ताटात दहीभात आणि लिंबू दाराशी ठेवलं. सकाळी पाहतात तर भात गायब, ताट घासून पालथं घातलेलं! गाव जास्तच घाबरलं. गजाननभाऊ म्हणाले, "भूत चांगल्या घरचं दिसते."

मी रीडिंगला गेलो तेव्हा दिवा लुकलुकत होता. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर एकोणीस-वीस वर्षांची पोरगी हात जोडून उभी. मागच्या दाराने ती आत शिरली होती. आईबाप नव्हते. मामाने लग्न ठरवलं, हिने नाही म्हटलं आणि त्याच दिवशी मामाचं दार बंद झालं.

"इथं भ्या नाही वाटत?" मी विचारलं.

"भाऊ, भूत म्हन्तात तेच बरं हाय," ती म्हणाली. "पोरगी हाय म्हनून समजलं तं राहू देतीन काय? अन् एकटी हाय म्हनून समजलं तं?"

वापर दाखवला तर चौकशी येणार आणि ही उघड्यावर पडणार. आमच्या मोबाईलमध्ये 'घर बंद' असा एक पर्याय असतो. तो दाबला आणि निघालो. पुढच्या महिन्यातही तेच केलं.

*

उन्हाळ्याच्या तोंडी त्या घरची माणसं परत आली.

मी गेलो तर घरधनीण शेजारणींना गोळा करून सांगत होती. जमीन सारवलेली, भिंतीची भेग बुजवलेली, माठात ताजं पाणी. एवढं चांगलं घर तिने स्वतःही कधी ठेवलं नव्हतं. म्हणूनच ती इतकी घाबरली होती की तिने भूत शांत करायला लगेच मांत्रिक बोलावला.

पोरगी कुठे गेली, ते कोणाला विचारणार? भूत हरवल्याची तक्रार कोणी घेत नाही. तरी मी स्टँडवर दोन-तीन ठिकाणी विचारून आलो. फार वाईट वाटलं. त्या दिवशी चहाही गोड लागला नाही.

*

पावसाळा सरता सरता रफिकचा फोन आला. त्याला कारंजाकडची साइड मिळाली होती.

"तुमचं धनजचं घर कोनाले देल्लं काय? दिवा लुकलुकून राह्यला."

धनजला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. माझी आई तिथेच गेली, दम्याने. तेव्हापासून कुलूप आहे आणि किल्ली माझ्याजवळ. धनजचं नाव मी त्या पोरीपुढे कधी काढलं नव्हतं.

दुपारी गाडी काढून गेलो. कुलूप मी लावलं तसंच होतं. दिवा सावकाश लुकलुकत होता, म्हणजे नुसता पंखा. ती असेल तर राहू दे, मनात म्हटलं. निदान आता तिला कोणी काढणार नाही. दाराला तोंड लावून हाक मारली, "पोरी, भिऊ नको. मी हाओ, मीटरवाला. हे घर माहंच हाय."

आत पावलं वाजली. आवाज तिचाच होता, पण अगदी दबका.

"हळू बोला, भाऊ. मायचा आताच डोळा लागला. रातभर खोकलून राह्यली होती."